ॲटनबरो आडनावाचं प्रकरण : एक गाव, एक आडनाव आणि ८७ टक्के

ॲटनबरो म्हटलं की आपल्याकडे दोनच माणसं आठवतात. एक रिचर्ड, ज्यांनी १९८२ चा 'गांधी' केला, त्यात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या आणि त्यातल्या कपड्यांसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना भारतातलं पहिलं ऑस्कर मिळालं. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड, ते प्राणी-पक्ष्यांच्या डॉक्युमेंट्रीवाले. दोघं इतके फेमस की आपल्याला वाटतं हे तिकडचं कॉमन आडनाव असणार, आपल्या कुलकर्णी-जोशींसारखं गल्लीत दोन-चार. तर तसं अजिबात नाहीये. इंग्लंडमध्येसुद्धा हे दुर्मिळ आडनाव आहे, आणि जिथे आहे तिथे नॉटिंगहॅमशायर, डर्बीशायर या मधल्या पट्ट्यात एकवटलेलं. या आडनावाचा लिस्टर युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी डीएनए लावून अभ्यास केला, त्याचा निकाल बराच गाजला, आणि माझ्या मते त्यातून लोकांनी जो अर्थ काढला, की सगळ्या ॲटनबरोंचा मूळ पुरुष एकच, तो थोडा घाईचा आहे. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून नीट मांडतो.

प्रश्न एकच आहे. आज जे कोणी ॲटनबरो आहेत ते सगळे एकाच मूळ पुरुषाचे वंशज का?

आधी गाव बघू. नॉटिंगहॅम शहराच्या नैऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी ॲटनबरो नावाचं छोटं गाव आहे. सेंट मेरीचं जुनं चर्च, आणि शेजारी खडी-वाळू उपसून झालेल्या खाणींमध्ये पाणी साचून तयार झालेली तळी, त्यावर आता पक्षी अभयारण्य आहे. त्या अभयारण्याचं उद्घाटन १९६६ मध्ये डेव्हिड ॲटनबरोंनीच केलं, म्हणजे आडनाव फिरून गावाला भेटायला आलं असं म्हणा हवं तर. गावाचं नाव जुन्या अँग्लो-सॅक्सन काळातलं, म्हणजे १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकायच्या आधीचं, कोणा ॲडा किंवा एडा अशा नावाच्या माणसाची गढी, तटबंदीची जागा. जुन्या कागदांत 'ॲडिनबर्ग'च्या जवळ जाणारी रूपं सापडतात, म्हणजे आत 'ट' नव्हता, 'ड' होता, तो पुढे बोलता बोलता बदलला.

हा 'ड' महत्त्वाचा आहे कारण इथे एक चकवा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲटन' म्हणजे 'त्या अमक्यापाशी', आणि त्यातून खूप आडनावं झाली. ॲश झाडापाशी राहणारा तो 'ॲटन ॲश', त्याचा पुढे झाला नॅश. ओकपाशी राहणारा तो नोक्स. मग कोणालाही वाटेल की ॲटनबरो म्हणजे 'बरोपाशी', म्हणजे कुठल्याही तटबंदीपाशी राहणारा कोणीही, आणि तसं असेल तर हे आडनाव इंग्लंडभर पन्नास ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालेलं असू शकतं आणि आपला प्रश्न तिथेच संपतो. पण जुन्या इंग्रजीत गढीचा तो शब्द स्त्रीलिंगी, त्याला 'ॲटन' लागत नाही, 'ॲटर' लागतं, आणि त्यातून जे आडनाव झालं ते ॲटरबरी. ते वेगळं खातं. ॲटनबरो हे एका विशिष्ट गावाचं नाव, त्यात 'ॲटन' कुठे नाहीच.

म्हणजे हे झालं आपलं '-कर' आडनाव. पंढरपूरकर, नेवासकर, तसं हे ॲटनबरोकर, फक्त इंग्रजांनी मागचा-पुढचा प्रत्यय गाळून टाकला. आणि '-कर'वाल्यांना हे लगेच कळेल की गावाचं आडनाव गावात राहून मिळत नाही. गावात सगळेच त्या गावचे, तिथे त्याने ओळख काय पटणार? माणूस गाव सोडून चार कोसांवर जातो, तिथले लोक म्हणतात तो ॲटनबरोचा, आणि ते चिकटतं. याचा झकास पुरावा त्याच गावात आहे. ॲटनबरो गावात जन्मलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे हेन्री आयर्टन, जन्म १६११, राजाविरुद्धच्या यादवीतला संसदेचा नेता ऑलिव्हर क्रॉमवेल याचा जावई, राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकमावर सही करणाऱ्यांपैकी एक. याचं आडनाव आयर्टन, आणि आयर्टन हे शेजारच्या डर्बीशायरमधलं गाव! म्हणजे ॲटनबरोत राहणारा आयर्टनकर, आणि ॲटनबरोकर राहतात दुसऱ्या गावांत.

हे दुसऱ्या गावांत राहणारे ॲटनबरो कुठे गेले? फार लांब नाही. रिचर्ड-डेव्हिडचे वडील फ्रेडरिक १८८७ मध्ये स्टेपलफर्डला जन्मले, आणि स्टेपलफर्ड ॲटनबरो गावापासून अगदी हाकेच्या टप्प्यात, चार-पाच किलोमीटरवर. जवळपास सहाशे-सातशे वर्षं झाली तरी आडनाव गावाच्या पंचक्रोशीतच घुटमळतंय. इंग्लंडमधल्या गावांवरून पडलेल्या दुर्मिळ आडनावांचं हे ठरलेलं वागणं आहे. १८८१ च्या जनगणनेचे आकडे नकाशावर मांडले की अशी कितीतरी आडनावं एका गडद ठिपक्यासारखी दिसतात, ठिपक्याच्या मध्ये किंवा कडेला ते गाव, आणि मग बाहेर एखाददुसरा डाग, तो बहुतेक वेळा लंडन नाहीतर एखादं गिरणीचं शहर. ॲटनबरोंचा लंडनचा डाग मजेशीर आहे. व्हिक्टोरियन लंडनमध्ये ॲटनबरो म्हणजे गहाणवट आणि दागिन्यांचे दुकानदार, फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेनच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान होतं. पैशाची चणचण असलेल्या लंडनकराला हे आडनाव पोटात गोळा आणणारं असणार. शंभर वर्षांनी तेच नाव ऐकून लोक टीव्हीसमोर येऊन बसायला लागले.

आता नकाशा एवढं सांगतो की उगम एका ठिकाणी झाला. पण एका ठिकाणी झाला म्हणजे एका माणसापासून झाला असं होत नाही, आणि इथेच बरेच हौशी वंशावळवाले घसरतात. इंग्लंडमध्ये आडनावं वंशपरंपरागत व्हायला लागली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर, आधी सरदार-जमीनदारांत, आणि साध्या शेतकऱ्यांत पक्की होईपर्यंत मिडलँड्समध्ये चौदावं शतक उजाडलं. त्या काळात ॲटनबरोमधून एकच माणूस बाहेर पडला असेल? वेगवेगळ्या घरांतले चार-पाच जण वेगवेगळ्या दिशांना गेले असतील, आणि पाचही जणांना शेजाऱ्यांनी तेच नाव दिलं असेल, हे जास्त पटण्यासारखं आहे. कागदावरून हे ठरवणं अवघड, कारण चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्न-दफन नोंदवायचा हुकूम थॉमस क्रॉमवेलने (हा वेगळा क्रॉमवेल, राजा आठव्या हेन्रीचा मंत्री) १५३८ मध्ये काढला, आणि कितीतरी ठिकाणी सुरुवातीची वह्याच उरलेल्या नाहीत. त्याआधी करांच्या याद्या, १३७७ ते १३८१ चे डोईपट्टीचे कागद, जमिनीचे खटले, त्यात नाव सापडतं पण हा त्याचा कोण हे सापडत नाही. शिवाय लिहिणारा कारकून कानाला येईल तसं लिहायचा, शेवटी कुठे 'बरो' कुठे 'बरा' कुठे नुसतं 'ब्रो'.

इथे लिस्टर येतं, आणि योगायोग असा की लिस्टर म्हणजे ॲटनबरोंचं घरच. फ्रेडरिक ॲटनबरो १९३२ ते १९५१ तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्रिन्सिपल होते, पोरं कॅम्पसमध्येच वाढली, आज तिथे उंच ॲटनबरो टॉवर उभा आहे तो फ्रेडरिक यांच्या नावाने. गंमत म्हणजे फ्रेडरिक हे स्वतः अँग्लो-सॅक्सन काळाचे अभ्यासक, जुन्या इंग्रज राजांचे कायदे संपादित करून १९२२ मध्ये छापलेले, म्हणजे आपल्या आडनावातला तो ॲडा आणि ती गढी त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच लिस्टरमध्ये १९६५ पासून इंग्लिश आडनावांचा जिल्हावार सर्व्हे चालू झाला, आणि त्याच लिस्टरमध्ये १९८४ साली ॲलेक जेफ्रीजनी डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं. आडनावं आणि डीएनए एका छपराखाली. दोन्ही टीम कधीतरी एकमेकांशी बोलणारच होत्या.

काम केलं ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी. कल्पना साधी आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, फक्त पुरुषांत असणारा वाय क्रोमोसोम, म्हणजे वाय गुणसूत्र, तोही बापाकडून मुलाकडेच जातो, तर दोन्ही एकाच वाटेने चालत आले असतील तर एकाच आडनावाच्या पुरुषांत वायसुद्धा सारखा दिसायला हवा. वाय मध्ये काही जागा अशा असतात जिथे डीएनएच्या अक्षरांची तीच तीच छोटी माळ परत परत येते, कोणात ११ वेळा, कोणात १२, आणि हा आकडा पिढ्यांमागून पिढ्या फार हळू बदलतो. अशा बऱ्याच जागांचे आकडे काढले की माणसाच्या बापाकडच्या ओळीचा एक नंबर तयार होतो. २००६ च्या पहिल्या पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, त्यांनी एकच आडनाव असलेल्या पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या घेतल्या, त्यातल्या जवळपास पावभाग जोड्यांचा पूर्वज एकच निघाला, आणि दुर्मिळ आडनावं तेवढी बघितली तर प्रमाण निम्म्याकडे गेलं. स्मिथ-ब्राउनसारख्या आडनावांत मात्र काही नाही, दोन स्मिथ म्हणजे रस्त्यातले कोणतेही दोन पुरुष. साहजिकच आहे, स्मिथ म्हणजे लोहार, आणि प्रत्येक गावाला लोहार होता.

मग २००९ मध्ये मोठा पेपर आला. ४० आडनावं, १,६७८ पुरुष. प्रत्येक आडनावात किती जण एकाच ओळीच्या गटात बसतात हे मोजलं, सरासरी निघाली ६२ टक्के, सगळ्यात कमी शून्य आणि सगळ्यात जास्त ८७. हे ८७ म्हणजे ॲटनबरो. दहातले जवळजवळ नऊ ॲटनबरो एकाच पुरुषाच्या ओळीतले. त्यातून त्यांचा वाय ज्या प्रकारचा निघाला तो इंग्लंडमध्ये मोजक्याच पुरुषांत असतो, 'ई' नावाच्या मोठ्या गटाची एक शाखा, जी भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला, बाल्कनमध्ये, उत्तर आफ्रिकेत जास्त दिसते. म्हणजे योगायोगाने जुळलं असेल ही शंकाच उरली नाही. सगळ्यांचा प्रकार इंग्लंडातला सर्वसाधारण असता तर कोणी म्हणालं असतं की अर्ध्या देशाचा तसाच आहे, त्यात काय.

झालं, लोक म्हणाले, सिद्ध झालं, ॲटनबरोंचा मूळ पुरुष एकच. आणि मी म्हणतो थांबा, कारण खुद्द त्या पेपरात लेखकांनी स्पष्ट लिहिलंय की आजच्या चित्रावरून ७०० वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांबद्दल भरवशाचं फारसं काही सांगता येत नाही. का येत नाही, हा या प्रकरणाचा गाभा आहे, आणि त्याचं उत्तर व्हिक्टोरियन काळातच अर्धंमुर्धं मिळालं होतं.

१८७३ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज संशोधकाने एका नियतकालिकात गणित घातलं की खानदानी आडनावं नामशेष का होतात, लोक दुबळे होत चाललेत म्हणून की नुसत्या नशिबाने? हेन्री वॉटसन या गणिती पाद्रीने ते सोडवायला घेतलं आणि १८७४ मध्ये दोघांनी ते मांडलं. त्यात वॉटसनची एक चूकही होती, त्याच्या हिशोबाने सगळीच आडनावं कधी ना कधी संपणार होती, ती पुढे दुरुस्त झाली. पण मुद्दा पक्का होता. समजा लोकसंख्या स्थिर आहे, म्हणजे दर पुरुषामागे वयात येणारा सरासरी एक मुलगा. सरासरी एक, म्हणजे कोणाला तीन, कोणाला एक, आणि नुसत्या योगायोगावर सोडलं तर शंभरातल्या साधारण ३७ जणांना एकही नाही. पहिल्याच पिढीत ३७ ओळी गेल्या. असं २० पिढ्या करत गेलं की नव्वदहून जास्त टक्के ओळी संपलेल्या असतात, आणि ज्या उरतात त्या फुगलेल्या असतात. म्हणजे चौदाव्या शतकात दहा वेगवेगळ्या, एकमेकांशी काहीही नातं नसलेल्या माणसांनी ॲटनबरो नाव लावायला सुरुवात केली असती, तरी आज त्यातल्या एखाद्याचीच ओळ उरलेली दिसली असती. आणि हे झालं शांत काळाचं गणित. प्रत्यक्षात १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, इंग्लंडची तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली, आडनावं नुकती पक्की होत असतानाच. ट्रेंटकाठच्या दोन-चार ॲटनबरो घरांना दार लागायला तेवढं पुरेसं होतं.

तर ८७ टक्के याचा अर्थ 'एकच सुरू झाला' असाही असू शकतो आणि 'एकच उरला' असाही. दोन्ही गोष्टी आजच्या रक्तात हुबेहूब सारख्याच दिसतात. त्या पेपरात याला जोड देणारी आणखी एक गोष्ट आहे, की आडनाव गावावरून पडलंय, धंद्यावरून की टोपणनावावरून, याचा वायच्या विविधतेवर काही फरक दिसला नाही, फरक दिसला तो किती दुर्मिळ आहे याचाच. उगमाचा ठसा जर इतका टिकत असता तर एका गावाचं आडनाव आणि शंभर ठिकाणी पडू शकणारं टोपणनाव यात फरक दिसायला नको का?

आता उरलेल्या १३ टक्क्यांचं काय? वंशावळीच्या मंडळींना हा विषय जरा टोचतो. सगळे जण लगेच बाहेरख्यालीपणाचा संशय घेतात, पण त्या काळात लग्नाआधी झालेलं मूल आईचं आडनाव लावायचं, म्हणजे ॲटनबरो घरातली मुलगी, तिचा मुलगा, नाव ॲटनबरो आणि वाय भलत्याच कोणाचा, यात लपवाछपवी काहीच नव्हती, चर्चच्या वहीत सरळ लिहिलेलं असायचं. शिवाय सावत्र बापाचं नाव लावलेली मुलं, दत्तक, इस्टेटीसाठी मामाचं किंवा आजोळचं नाव घेतलेले, आणि वर म्हटलं तसे दुसऱ्या मूळ पुरुषाच्या ओळीचे, जे खरोखर सुरुवातीपासूनच वेगळे. किंग-जॉबलिंगचा अंदाज असा की असा धागा तुटायचं प्रमाण पिढीमागे १ ते ४.५ टक्के. पिढीमागे १ टक्का धरला तर १४ पिढ्यांनी मूळ ओळीत ८७ टक्के उरतात, कॅल्क्युलेटरवर ०.९९ चा १४ वा घात करून बघा. पिढी ३० वर्षांची धरली तर १४ पिढ्या म्हणजे ४२० वर्षं, म्हणजे आपण पोचतो १६०० च्या आसपास, १३०० ला नाही. ढोबळ हिशोब आहे, यावर कोणी तारखा ठरवू नयेत, पण आजच्या बहुतेक ॲटनबरोंचा सामाईक पूर्वज आडनाव पडल्यानंतर बऱ्याच काळाने होऊन गेला असावा या बाजूलाच तो झुकतो, आणि पेपरमध्येही बऱ्याच आडनावांचे गट असेच उथळ निघालेत.

धागा तुटणं किती सहज घडतं हे याच ट्युरी किंगना पुढे राजाच्या बाबतीत दिसलं. २०१२ मध्ये लिस्टरच्या कार पार्कखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला. आईच्या बाजूचा डीएनए हयात नातेवाइकांशी जुळला, पण कागदोपत्री बापाच्या बाजूने जे पाच नातेवाईक होते त्यांच्यापैकी एकाचाही वाय राजाशी जुळला नाही, वर त्या पाचातल्या एकाचा उरलेल्या चौघांशीही नाही! जिथे प्रत्येक जन्मावर गादी आणि इस्टेट टांगलेली तिथे ही गत, तर स्टेपलफर्डच्या आसपासच्या साध्या माणसांत ८७ टक्के टिकले हेच नवल.

राहता राहिला तो 'ई' गट. यावरून काही लोकांनी रोमन सैनिक वगैरे कहाण्या रचल्या, की बाल्कनमधून आलेला शिपाई ट्रेंटकाठी राहिला आणि त्याचे हे वंशज. छान वाटतं ऐकायला. पण रोमन लोक ब्रिटन सोडून गेले पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, आडनाव पडलं त्यानंतर आठ-नऊशे वर्षांनी, आणि मधल्या काळात तो वाय कोणाच्या घरून कोणाच्या घरी आला याचा एक कपटासुद्धा नाही. आधी आला असेल, नंतर आला असेल, व्यापाऱ्याबरोबर आला असेल. याच टीमने २००७ मध्ये ईस्ट यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावात याहून चक्रावणारं प्रकरण दाखवलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या यॉर्कशायरी घरातल्या माणसाचा वाय निघाला थेट पश्चिम आफ्रिकेचा, 'ए-१' गट, जो पश्चिम युरोपात तोवर कोणी पाहिलाच नव्हता. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष शोधून तपासले तर ७ जणांत तोच. कागद लावले तर सात जणांची दोनच घराणी, दोघांचे मूळ पुरुष अठराव्या शतकाच्या शेवटी यॉर्कशायरमध्ये. त्यांच्याही मागे एखादा आफ्रिकन माणूस इंग्लंडात आला होता एवढं पक्कं, केव्हा आणि कसा याचं उत्तर वाय देत नाही. आणि उरलेले ११? आडनाव तेच, वाय वेगळा. म्हणजे एक दुर्मिळ आडनाव, एकच प्रदेश, आणि तरी ॲटनबरोंसारखा एकसंध गट नाही.

आणि हो, हे गटाचे निकाल आहेत. त्यावरून रिचर्ड किंवा डेव्हिड त्या ८७ मध्ये की १३ मध्ये हे म्हणता येत नाही, इंटरनेटवर जी 'डेव्हिड ॲटनबरो यांचा हॅप्लोग्रुप' (म्हणजे वायचा गट) छापाची यादी फिरते ती या गटाच्या निकालावरून केलेली उडी आहे.

मग मूळ प्रश्न सुटू शकतो का? माझ्या मते एकच रस्ता आहे आणि तो डीएनएच्या लॅबमधून कमी आणि कागदाच्या बासनातून जास्त जातो. आजच्या ॲटनबरोंपैकी ज्यांची वंशावळ चर्चच्या वह्या, मृत्युपत्रं आणि जमिनीच्या कागदांनी सोळाव्या शतकापर्यंत मागे नेता येईल असे शक्य तेवढे वेगळे धागे शोधायचे, म्हणजे एक स्टेपलफर्डच्या बाजूचा, एक डर्बीशायरचा, एक लंडनच्या गहाणवटवाल्यांचा, ज्यांचा १५५० नंतर एकमेकांशी कागदोपत्री काही संबंध दिसत नाही. मग त्यांच्या हयात वंशजांचे वाय पूर्ण वाचून काढायचे, नुसते थोड्या जागांचे आकडे नाही, म्हणजे फाटे कधी फुटले याचा अंदाज जास्त बारीक येतो. फाटे १३०० च्या आसपास जाऊन भिडले तर एकच मूळ पुरुष ही गोष्ट पहिल्यांदा खरी बळकट होईल. फाटे १५०० च्या पुढेच भिडले तर हे उरलेल्यांचं आडनाव, आणि बाकीचे मूळ ॲटनबरो कोण होते ते करांच्या याद्यांतल्या एकेका ओळीत नावापुरते शिल्लक.